कंडक्टरचा जिना, कामगाराची सायकल

मुंबईच्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तिच्यातला तो अरुंद, वळणाचा जिना खचितच आठवत असेल. बस वेगात चाललेली, वळणावर किंचित कललेली, आणि खांद्याला पैशांची चामडी पिशवी अडकवलेला कंडक्टर हातातील तिकिटांची पेटी सावरीत त्या जिन्यावरून सारखा वर-खाली करीत असायचा. पुढच्या बंदिस्त जागेत ड्रायव्हर मात्र पाळी संपेपर्यंत आपल्या आसनावर बसून असे. ही दुमजली बस मुंबईत १९३७ साली आली. तिच्या जुन्या डिझेल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या निवृत्त झाल्या. एकाच गाडीत, एकाच गर्दीत आणि एकाच धुरात काम करणारी ही दोन माणसे. एकाचे काम बसण्याचे, दुसऱ्याचे चढउतार करण्याचे. एवढ्या साध्या भेदातून विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन शहरात एक मोठे सत्य हाती आले. त्या सत्याची, आणि त्याच्याशी पुढे जोडल्या गेलेल्या कामावर जाण्याच्या सायकलची कथा येथे सांगावयाची आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. धर्मग्रामाची मृत्यूनोंदवही भरण्याचे काम धर्मगुरूकडे असते. नाव, वडिलांचे नाव, वय, दफनाची तारीख असे रकाने भरताना वयाच्या रकान्यापाशी लेखणी क्षणभर अडते, असे प्रसंग अलीकडे मला वारंवार आले आहेत. पन्नाशीच्या आतबाहेरचा पुरुष. रोज सकाळची लोकल गाठणारा, रात्री थकून घरी परतणारा, कुटुंबवत्सल, निर्व्यसनी. एके दिवशी छातीत कळ येते आणि सारे संपते. घरची माणसे विचारतात, “फादर, त्यांना तर काहीच झालं नव्हतं! कष्ट तर कमी नव्हते त्यांना!” कष्ट होते हे खरे. पण ते कोणत्या जातीचे कष्ट होते, हा प्रश्न इतिहासाने फार पूर्वी विचारून ठेवला आहे.

तो प्रश्न प्रथम नीट विचारणारा वैद्य म्हणजे इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी. कार्पी या गावी १६३३ साली जन्मलेल्या या विद्वानाने मोडेना येथे अध्यापन करीत असताना १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्याने रोग्याला विचारावयाचे प्रश्न ठरलेले होते. त्यांत रामाझिनी यांनी आपला एक प्रश्न घातला: तुम्ही काम कोणते करता? चाळीसच्या वर धंद्यांची त्यांनी पाहणी केली. खाणीत उतरणारे, मडकी घडवणारे, कपडे धुणारे, शिंपी, चांभार, लेखनिक अशा सर्वांकडे ते स्वतः गेले. दिवसभर वाकून बसणारे शिंपी व चांभार एका प्रकारच्या व्याधींनी ग्रासलेले असतात, तर निरोप घेऊन धावणारे जासूद त्या व्याधींपासून दूर राहतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. बैठे काम करणाऱ्यांनी निदान सणासुदीच्या दिवशी तरी शरीराला व्यायाम द्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. पण निरीक्षण म्हणजे सिद्धता नव्हे. त्या सिद्धतेसाठी जगाला आणखी अडीचशे वर्षे थांबावे लागले.

दरम्यान माणसाच्या कामावर जाण्याच्या रीतीतच एक क्रांती घडली होती. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांचे, पायांनी जमिनीला रेटा देऊन पळवायचे एक लाकडी वाहन बनवले. त्याला ना पायटे होते ना साखळी. पायटे पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आले. मग पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे अशी उंच सायकल निघाली. तिच्यावरून पडणे म्हणजे हातपाय मोडून घेणे, म्हणून ती धाडसी तरुणांपुरतीच राहिली. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल तयार केली. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर काढला. आजही आपल्या अंगणात भिंतीला टेकून उभी असलेली सायकल मूळ रचनेने हीच होय.

१८८८ हेच वर्ष महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातही नोंदवलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे सायकलींचे दुकान बेळगावात त्या साली सुरू झाले. पुढे नांगर आणि यंत्रे घडवणाऱ्या त्या उद्योगसमूहाचे मूळ असे दोन चाकांवर उभे आहे. मात्र त्या काळी सायकल ही चैनीची वस्तू होती. ती विकत घेणे सामान्य कारकुनाच्याही आवाक्याबाहेर असे.

नव्या वस्तूकडे संशयाने पाहण्याचा मानवी स्वभाव चर्चलाही चुकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील काही बिशपांनी आपल्या धर्मगुरूंना सायकलवर बसण्यास मनाई केली होती. झगा वर खोचून, पाय हलवीत रस्त्याने जाणारा धर्मगुरू त्यांना शोभेसा वाटेना. पण डोंगराळ, विखुरलेल्या धर्मग्रामात मरणासन्न माणसापर्यंत वेळेत पोहोचायचे, तर शोभेपेक्षा चाक उपयोगी, हे अनुभवाने पटत गेले आणि मनाई विरून गेली. पुढच्या पिढ्यांत सायकलवरचा फादर हे दृश्य युरोपात आणि आपल्याकडेही परिचयाचे झाले.

विसावे शतक उजाडले तसे उत्पादन वाढले, किमती उतरल्या, आणि जुन्या सायकली थोडक्या पैशांत मिळू लागल्या. त्याबरोबर सायकल श्रीमंतांच्या हातून निसटून कामगाराच्या हाती आली. कारखान्याच्या भोंग्याबरोबर फाटकातून लोंढ्याने बाहेर पडणाऱ्या सायकली हे युरोपातील प्रत्येक औद्योगिक शहराचे चित्र झाले. इंग्लंडमध्ये हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्ण भरात होते. तेथील सरकारी मोजणीनुसार १९४९ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सायकलींनी मिळून सुमारे २३६० कोटी किलोमीटर अंतर कापले. रस्त्यावरील एकूण वाहतुकीचा तो जवळपास तिसरा हिस्सा होता. एवढी सायकल ब्रिटनने त्यानंतर पुन्हा कधी चालवली नाही.

आणि नेमक्या त्याच १९४९ साली लंडनमधील एक डॉक्टर बसच्या कंडक्टरांची माहिती गोळा करू लागला होता.

त्यांचे नाव जेरी मॉरिस. १९१० साली लिव्हरपूल येथे, पोलंडकडून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण ग्लासगोच्या कामगार वस्तीत गेले. महायुद्धाच्या काळात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांनी भारतात आणि ब्रह्मदेशात सेवा केली होती. १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग स्थापन केला, त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्या वेळी एका कोड्याने डॉक्टरांना घेरले होते. क्षय, घटसर्प असे जुने शत्रू मागे हटत असताना कर्त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके मात्र झपाट्याने वाढत होते. लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या १९०७ ते १९४९ या काळातील शवविच्छेदनाच्या नोंदी मॉरिस यांनी चाळल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचणारा चरबीचा थर त्या चाळीस वर्षांत वाढला नव्हता, तरी झटक्याने होणारे मृत्यू कैक पटींनी वाढले होते. म्हणजे थराखेरीज आणखी काहीतरी बदलले होते. ते काय असावे?

मॉरिस यांना संशय आला तो कामाचा. रामाझिनींचाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. मात्र या वेळी एकेका रोग्याला नव्हे, तर हजारो निरोगी माणसांना. लंडनच्या बस, ट्राम, ट्रॉलीबस आणि भुयारी रेल्वे यांवर काम करणारे ३५ ते ६४ वर्षे वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष त्यांनी पाहणीत घेतले. त्यांचे सहकारी स्वतः बसमधून फिरले. ड्रायव्हर किती मिनिटे बसतो आणि कंडक्टर किती पायऱ्या चढतो हे त्यांनी मोजले. ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक काळ बसून असे. कंडक्टर एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. दोघेही एकाच सामाजिक थरातले आणि एकाच आस्थापनातले. फरक होता तो जिन्याचा.

आकडे आले तेव्हा तो फरक स्पष्ट दिसला. दर हजारी वर्षाला ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचे सुमारे २.७ नवे रोगी आढळत होते, तर कंडक्टरांमध्ये १.९. झटका आल्यावर लगेच किंवा तीन महिन्यांच्या आत दगावण्याचे प्रमाण तर ड्रायव्हरांमध्ये जवळजवळ दुप्पट होते. मॉरिस यांनी उतावीळपणे हे निष्कर्ष जगापुढे मांडले नाहीत. कोणी म्हणेल की ड्रायव्हरच्या मनावर रहदारीचा ताण असतो, म्हणून त्याचे हृदय खचते. ही शंका फेडण्यासाठी त्यांनी टपाल खात्याकडे मोर्चा वळवला. पायी वा सायकलवरून घरोघर पत्रे वाटणारा पोस्टमन, आणि त्याच खात्यात टेबलाशी बसणारे कारकून व टेलिफोन जोडणारे कर्मचारी यांची त्यांनी तुलना केली. येथे रहदारीचा ताण हा मुद्दाच नव्हता. तरीही तोच निष्कर्ष निघाला: पोस्टमनचे हृदय अधिक सुरक्षित होते. १९५३ साली हे सारे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शंका तेवढ्याने संपल्या नाहीत, आणि त्या संपू नयेत हेच शास्त्राला शोभते. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हरची नोकरी पत्करीत असतील तर? ही शंका तपासण्यासाठी मॉरिस आणि त्यांचे सहकारी थेट गणवेशांच्या नोंदींकडे गेले. कोणत्या कर्मचाऱ्याला किती कमरेची विजार दिली, हे वाहतूक आस्थापनाच्या दप्तरात लिहिलेले होते. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच अधिक रुंद निघाल्या, आणि तरुण वयापासूनच. १९५६ साली त्यांनी हे प्रामाणिकपणे जाहीर केले. परंतु पुढे असेही दिसले की कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो वा पोट सुटलेला असो, त्याला त्याच अंगकाठीच्या ड्रायव्हरपेक्षा हृदयविकाराचा धोका कमी होता. म्हणजे जिन्याचे देणे कमरेच्या मापात पुरते मावणारे नव्हते.

मग १९५८ साली त्यांनी ब्रिटनभरच्या रुग्णालयांतून सुमारे ३,८०० शवविच्छेदनांची माहिती एकत्र केली. ही माणसे हृदयविकाराखेरीज अन्य कारणांनी वारलेली होती. अंगमेहनतीची कामे केलेल्यांच्या आणि बैठी कामे केलेल्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साधारण सारखाच आढळला. पण रक्त न मिळाल्यामुळे हृदयाच्या स्नायूवर उमटणारे व्रण मेहनत करणाऱ्यांत पुष्कळ कमी होते. श्रमाने रोग टळतोच असे नाही, परंतु रोगाचा घाव सोसण्याचे बळ हृदयाला मिळते, असा याचा अर्थ होता. चालत्या माणसाच्या हृदयाचा स्नायू बळकट होतो, त्याच्या रक्तवाहिन्या अधिक मोकळ्या राहतात, रक्तातील साखर स्नायूंकडून वापरली जाते आणि रक्तदाब आटोक्यात राहतो, ही कारणे आज आपल्याला ठाऊक आहेत. तेव्हा एक शवविच्छेदनाचे टेबल आणि एक गणवेशाची वही एवढीच साधने होती.

येथे इतिहासाने एक उपरोधिक वळण घेतले. शरीरश्रमांचे मोल शास्त्राने सिद्ध केले, आणि त्याच सुमारास ते श्रम माणसाच्या जीवनातून नाहीसे होऊ लागले. यंत्रांनी हमालाचे ओझे उचलले, टेबलांची संख्या वाढली, बसमधून कंडक्टर पुढे हळूहळू अदृश्य झाला. आणि सायकलही. मोटार स्वस्त झाली, घरे कारखान्यांपासून दूर गेली, रस्ते मोटारींसाठी रुंद करण्यात आले. १९४९ मध्ये २३६० कोटी किलोमीटर धावलेल्या ब्रिटनच्या सायकली १९७३ साली चारशे कोटींच्याही आत आल्या. चोवीस वर्षांत सहा भागांपैकी पाच भाग गळून पडले. कोणी बंदी घातली नव्हती. वाटच बंद झाली होती.

काम बैठे झाल्यावर मॉरिस यांनी आपला प्रश्न बदलला. कामात जर हालचाल उरली नाही, तर कामाबाहेरची हालचाल माणसाला वाचवते काय? १९६८ ते १९७० या काळात त्यांनी सुमारे १७ हजार सरकारी अधिकाऱ्यांना एका सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, मागच्या शुक्रवारी व शनिवारी काय काय केले ते लिहून देण्यास सांगितले. १९७३ साली निष्कर्ष आले: दमवणारा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होता. १९७६ साली त्यांनी आणखी ९,३७६ अधिकाऱ्यांची चौकशी आरंभली व नऊ वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जोमदार खेळ खेळणारे आणि भरभर चालणारे यांच्याबरोबर भरपूर सायकल चालवणारेही एका ओळीत येऊन बसले. या गटाला हृदयविकाराचे झटके इतरांच्या निम्म्याहूनही कमी आले होते. बागेत सावकाश खुरपणे वा दुकानापर्यंत रमत जाणे यांचा तसा लाभ त्या पाहणीत दिसला नाही. श्वास थोडा जलद झाला पाहिजे, हृदयाची धडधड जाणवली पाहिजे, आणि हे नित्य घडले पाहिजे.

नित्य, हा शब्द येथे कळीचा आहे. खेळाला वेळ लागतो, जागा लागते, पुष्कळदा पैसाही लागतो. दिवसाचे चार तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाला “तुम्ही व्यायाम करा” असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे. पण कामावर तर प्रत्येकाला जावेच लागते. त्या जाण्यातच श्रम मिसळलेला असेल, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. कंडक्टरला कोणी व्यायाम करावयास सांगितला नव्हता. तो पोटापाण्याच्या कामात आपोआप घडत होता. कामावर जाण्याची सायकल म्हणजे बैठ्या माणसाला परत मिळालेला कंडक्टरचा जिनाच होय.

परंतु ती सायकल चालवावी कोठे? या प्रश्नाचे उत्तर एका लहान देशाने दिले, आणि ते अश्रूंतून दिले. हॉलंडला आज आपण सायकलींचा देश म्हणून ओळखतो. मात्र ते तेथे निसर्गतः घडले नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत हॉलंडमध्येही मोटारींनी सायकलींना रस्त्यावरून हुसकावले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यांपैकी एक सहा वर्षांची मुलगी सायकलने शाळेत जात होती. तिचे वडील पत्रकार होते. १९७२ साली ‘दे टेइड’ या कॅथलिक परंपरेच्या वृत्तपत्रात त्यांनी एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते, बालहत्या थांबवा. डच भाषेत यासाठी जो शब्द आहे, तोच शब्द हेरोद राजाने बेथलेहेमात केलेल्या निष्पाप बालकांच्या हत्येसाठीही वापरला जातो. सुवार्ता ऐकत वाढलेल्या त्या लोकांना या शब्दाचा भार समजावून सांगावा लागला नाही. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, रहदारी अडवून तेथे मुलांना खेळू दिले.

पुढच्याच वर्षी तेलाचे जागतिक संकट आले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार सरकारने मोटारींना बंदी केली, आणि ओस पडलेल्या महामार्गांवर कुटुंबेच्या कुटुंबे सायकलवर निघाली. रस्ता कोणाचा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात द हेग आणि टिलबुर्ग या शहरांत सरकारने सायकलींचे स्वतंत्र नमुना मार्ग बांधले; १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहराने तुटक मार्ग न ठेवता त्यांचे अखंड जाळे विणले. आज त्या देशात एकूण फेऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा सायकलवरून होतो. हा काही डच लोकांच्या पायांचा गुण नव्हे. मुलांच्या जिवासाठी आईबापांनी धरलेल्या आग्रहाचे ते फळ आहे.

सायकलने कामावर जाण्याचा लाभ किती, हे यानंतर अनेक देशांत मोजले गेले. कोपनहेगन येथील ३०,६४० स्त्री-पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली आले. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते. तेही फावल्या वेळेतील व्यायामाचा हिशेब वेगळा केल्यावर. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा लाभ ४१ टक्के निघाला. अर्थात जे मुळात धडधाकट असतात तेच सायकलवर बसतात, हा आक्षेप येथेही उरतो. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार, जुने आजार यांचा हिशेब घालून तो शक्य तेवढा दूर केला आहे. स्कॉटलंडमधील ८२ हजार लोकांच्या २०२४ च्या अहवालाने मात्र नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. सायकलस्वारांत मृत्यूचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी होते, पण रस्त्यावर अपघात होऊन रुग्णालयात दाखल होण्याचा संभव इतरांच्या दुप्पट होता. हृदय वाचवायचे आणि हाडे मोडून घ्यायची, अशी निवड माणसासमोर का यावी? हॉलंडने विचारलेला प्रश्न तो हाच.

आता आपल्या घराकडे वळू या. एके काळी पुण्याची ओळख सायकलींचे शहर अशी होती. कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. नगरपालिकेला कर भरून मिळालेला बिल्ला सायकलला लावून मिरवणारी पिढी अजून आपल्यात आहे. आपल्या वसई परिसरातही गास, निर्मळ, भुईगाव, सांडोर अशा गावांतून पहाटे स्टेशनकडे निघालेल्या सायकलींच्या घंटा अनेकांनी ऐकल्या आहेत. कोणाच्या मागे फुलांची पाटी, कोणाच्या मागे दुधाची किटली, कोणाच्या दांडीला ऑफिसचा डबा. स्टेशनबाहेर सायकल लावायची, लोकल धरायची, आणि संध्याकाळी तीच सायकल पुन्हा घरी आणायची. त्या माणसांना हृदयाचे शास्त्र ठाऊक नव्हते. रिक्षाचे भाडे परवडत नव्हते एवढेच. मग हाती पैसा आला, आधी स्कूटर आली, मग मोटारसायकल आली, आणि सायकल पडवीत गंजू लागली. सायकल ही गरिबीची खूण ठरली, आणि ती टाकणे ही प्रगतीची. यात कोणाला दोष द्यावा? ज्याने बापाला चिखलातून पायटे मारताना पाहिले, त्याने गाडी घेतल्यावर सुस्कारा टाकला, तर तो माणसाचा स्वभावच आहे.

पण या प्रगतीचा हिशेब दुसऱ्या वहीत लिहिला गेला. दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ आहे, तर जगातील इतर भागांत ते ५९ च्या आसपास आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात, झटका न आलेल्या आपल्याकडच्या माणसांपैकीही नियमित व्यायाम करणारे जेमतेम सहा टक्के होते. अन्यत्र ते एकवीस-बावीस टक्के होते. तंबाखू, आहार, मधुमेह, रक्तदाब ही कारणे तेवढीच गंभीर आहेत आणि सायकल ही त्यांवरची जादूची कांडी नाही. पण मृत्यूनोंदवहीत अडणाऱ्या माझ्या लेखणीला या सहा वर्षांचा अर्थ चांगला कळतो. मुलीचे लग्न, मुलाची पदवी, पहिले नातवंड, हे सारे पुष्कळदा त्या सहा वर्षांतच यावयाचे असते.

शेवटी एक साधे गणित मांडतो. प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. घरापासून स्टेशनपर्यंत सायकलने पंधरा मिनिटे, परत येताना पंधरा मिनिटे, असे पाच दिवस केले की १५० मिनिटे भरतात. पंधरा मिनिटांत सामान्य माणूस तीन-चार किलोमीटर जातो. आपल्यापैकी अनेकांची घरे स्टेशनपासून एवढ्याच अंतरावर आहेत. ज्यांना हृदयाचा आजार आहे त्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना भरभर चालण्याचा मार्ग मोकळा आहे. बहिणींनीही हे केवळ पुरुषांसाठी आहे असे समजू नये. कोपनहेगनच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या.

मात्र हे केवळ एकेकट्याच्या निश्चयावर सोडता येणार नाही. डच आईबापांनी स्वतःपुरता निश्चय केला असता, तर त्यांची मुले त्याच रस्त्यांवर मरत राहिली असती. त्यांनी रस्ता मागितला. आपल्या गावचा स्टेशनरस्ता पुन्हा खणला जाईल, रुंद केला जाईल, तेव्हा त्याच्या कडेला सायकलसाठी सुरक्षित पट्टा आणि स्टेशनबाहेर सायकल लावण्यास जागा मागणारे अर्ज नगरपालिकेकडे गेले पाहिजेत, आणि त्यांवर एकाची नव्हे, साऱ्या गावाची सही असली पाहिजे.

डॉ. जेरी मॉरिस यांनी आपले शास्त्र स्वतःच्या शरीरावरही चालवले. हॅम्पस्टेडच्या माळरानावर ते धावू लागले, तेव्हा लोक त्यांच्याकडे वेड्यासारखे पाहत. शंभरी पूर्ण होण्यास थोडेच महिने उरले असता, ऑक्टोबर २००९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूची नोंद करणाऱ्याची लेखणी वयाच्या रकान्यापाशी अडली असेल, तर ती वेगळ्याच कारणाने. आपल्या नोंदवहीतही तसे अडखळणे अधूनमधून माझ्या वाट्याला यावे, एवढीच इच्छा. पडवीतली ती गंजलेली सायकल एकदा बाहेर काढा, साखळीला तेल द्या, टायरमध्ये हवा भरा. बाकीचे काम पाय करतील.